एक्स-प्लेन या विमान उडवण्याच्या सिम्युलेटरमध्ये सोलापूरची धावपट्टी दुरुस्त केली, तरी अप्रोच (उतरण्याचा ठरलेला मार्ग) जुन्याच जागी का नेतो?

कारण दोन्हींच्या फायली वेगळ्या. वर्ल्ड एडिटर हे सीनरी (सिम्युलेटरमधला परिसर) बनवायचं साधन धावपट्टी, टॅक्सीवे, दिवे बदलतो. अप्रोचला तो हातच लावत नाही. अप्रोच 'सीआयएफपी' नावाच्या फोल्डरमध्ये, प्रत्येक विमानतळाच्या कोडच्या फाइलीत असतात. सोलापूरचा कोड व्हीएएसएल. साधी टेक्स्ट फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. त्यात 'आरडब्ल्यूवाय'ने सुरू होणाऱ्या ओळी बघा: धावपट्टीच्या टोकाचे अक्षांश-रेखांश आणि उंची तिथेच असते. हे आकडे नव्या टोकाशी जुळवा. स्वल्पविराम, अर्धविराम मात्र इकडचे तिकडे करू नका, नाहीतर यादीतून अप्रोचच गायब!

मूळ फोल्डरला हात न लावता 'कस्टम डेटा' फोल्डरमध्ये त्याची अख्खी प्रत ठेवून तिथेच बदल करा.

आणि हो, सीनरीत विमानतळाजवळच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी असेल तर काढून टाका. ती २०२३ मध्येच पाडली.