वाचक विचारतात : पंख्याविना वारा

प्रश्न : वास्कोला बंदराजवळ आमचं वर्कशॉप आहे. कंट्रोल पॅनलमधल्या हीटसिंकचा (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचा) छोटा पंखा खाऱ्या हवेने जाम होतो. कोरोना डिस्चार्जने पंख्याशिवाय वारा मिळतो म्हणतात. तो बसवावा का?

उत्तर : वारा मिळतो, पण तुमच्या पॅनलमध्ये बसवू नका. कारण पुढे येईलच.

बारीक तारेला काही हजार व्होल्ट दिले की तिच्या लगतची हवा आयनित होते, म्हणजे तिच्यात विद्युतभारित कण (आयन) तयार होतात. हाच कोरोना डिस्चार्ज. आयन अर्थ केलेल्या हीटसिंककडे धावतात आणि वाटेतल्या हवेला ढकलत नेतात. धातूला चिकटलेला गरम हवेचा थर त्यामुळे पातळ होतो. वाऱ्याचा वेग सेकंदाला 1-2 मीटर, म्हणजे हवा अगदी स्थिर असेल तिथेच खरा फायदा.

टेबलावर करून पाहायचं तर 0.1 मिमीची टंगस्टनची तार फिनच्या (हीटसिंकच्या पातळ पात्यांच्या) टोकांपासून 12 मिमीवर ताणून बसवा. साधारण 5 किलोव्होल्टला कोरोना सुरू होतो. तिथून हळूहळू चढवत जा. ठिणगी पडली की दहा-पंधरा टक्के खाली या. तारेला धन टोक द्या, ऋण टोकाला ओझोन कितीतरी जास्त होतो. बाजारातल्या आयनायझरच्या मॉड्यूलचं आउटपुट बहुधा ऋण असतं, एवढं तपासून घ्या. सप्लाय आणि तार यांच्यामध्ये 330 किलोओहमचे अर्ध्या वॉटचे 30 रेझिस्टर ओळीने जोडा. एकच 10 मेगाओहमचा लावलात तर ठिणगी त्याच्या अंगावरूनच उडी मारेल. बंद केल्यावर तार अर्थ केल्याशिवाय हात लावायचा नाही.

आता तुमची अडचण. मीठ सुमारे 75 टक्के आर्द्रतेला ओलं होतं आणि आपल्याकडे पावसाळाभर आर्द्रता त्याच्या वरच असते. इन्सुलेटरवर मिठाचा पापुद्रा बसला की करंट तारेऐवजी त्यावरून अर्थला जातो, सप्लायचा व्होल्टेज बसतो आणि वारा थांबतो. पुढे त्याच वाटेवर प्लास्टिक जळून काळी रेघ उमटते. शिवाय कोरोना धूळ ओढतो. सिलिकॉन सीलंटच्या वाफेने तारेवर पांढरी पुटं चढतात, ती दर थोड्या दिवसांनी पुसावी लागतात. बंद पॅनलमध्ये साठलेला ओझोन रबराला चिरा पाडतो, ते वेगळंच. त्यापेक्षा मोठ्या फिनचा हीटसिंक पॅनलच्या मागच्या पत्र्याबाहेर काढा आणि पंखा विसरा.

प्रश्न : व्होल्टेज वाढवून वारा दुप्पट करता येईल का? (फोंडा)

उत्तर : वेग करंटच्या वर्गमुळाने वाढतो. दुप्पट वाऱ्याला चौपट करंट, आणि व्होल्टेजही वाढवावा लागतो म्हणून वीज चौपटीहून जास्त. बहुतेक वेळा त्याआधीच ठिणगी पडते. दोन तारा शेजारी लावायच्या तर त्यांत किमान तारेपासून फिनपर्यंतचं अंतर ठेवा, नाहीतर एकमेकींचं विद्युत क्षेत्र दाबतात.