पोटातलं पाणी कमी झालंय म्हणतात...

प्रश्न : मला ३४वा आठवडा चालू आहे. गेल्या महिन्यात एएफआय (बाळाभोवतीच्या पाण्याचं सोनोग्राफीतलं माप) १२ होता, आता ७ आलाय. रिपोर्ट हातात आल्यापासून डोळ्याला डोळा नाही.

सात म्हणजे जरा कमीकडे, पण धोक्याच्या रेषेखाली नाही. सोनोग्राफीत पोटाचे चार भाग धरतात, प्रत्येकातल्या पाण्याच्या सर्वांत खोल कप्प्याची उंची मोजतात आणि बेरीज करतात. ५ ते २५ सेंटिमीटर ठीक मानतात. बाळ वळलं किंवा मोजणारा बदलला तरी आकडा हलतो. म्हणून 'सर्वांत खोल कप्पा किती?' हेही विचारा. तो २ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर पाणी पुरेसं आहे. मात्र आकडा बराच उतरलाय, म्हणून बाळाची वाढ आणि डॉप्लर (रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) पाहून घ्या. वाढ नीट, रक्तप्रवाह नीट, तर पुढच्या तपासणीपर्यंत निश्चिंत राहा.

प्रश्न : सुनेला रोज दोन शहाळी देते. त्याने पाणी वाढेल ना?

तुमची माया कळते, पण शहाळ्याचं पाणी थेट गर्भाशयात जात नाही. साधारण सोळाव्या आठवड्यानंतर बाळाभोवतीचं पाणी मुख्यतः बाळाच्या लघवीचं असतं. बाळ ते गिळतं आणि पुन्हा लघवी करतं. उन्हाळ्यात आईच्या अंगातलं पाणी कमी पडलं असेल, तर भरपूर साधं पाणी प्यायल्याने फरक पडतो. पण वार नीट काम करत नसेल, आईचं बीपी वाढलं असेल किंवा बाळाच्या मूत्रपिंडात दोष असेल, तर शहाळ्याने ते कारण जात नाही. ते शोधावंच लागतं.

आणखी एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं: कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी विसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांना न विचारता घेऊ देऊ नका. तिच्यामुळे बाळाची लघवी कमी होऊन पाणी घटू शकतं. काही बीपीच्या गोळ्यांनीही (एनालाप्रिल, टेल्मिसार्टन) तेच होतं. गरोदरपणाआधीपासून चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवा. मनाने मात्र काही बंद करू नका.

प्रश्न : ३७ आठवडे झालेत, एएफआय ४. सिझरच करावं लागेल का?

फक्त पाणी कमी, एवढ्यावरून सिझर ठरत नाही. डोकं खाली असेल, ठोके चांगले असतील, तर कळा आणून नॉर्मल प्रसूतीचा प्रयत्न करता येतो. पाणी कमी असल्याने कळांमध्ये नाळ दाबली जाऊ शकते, म्हणून ठोक्यांवर सतत लक्ष हवं. त्याची सोय तुमच्या दवाखान्यात आहे का, हे स्पष्ट विचारा.

प्रश्न : अधूनमधून ओलं वाटतं. लघवी की पाणी, कसं कळावं?

घरी खात्रीने कळत नाही. कोरडा पॅड लावा. तो पुन्हा ओला झाला आणि लघवीचा वास नसेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. पाणी हिरवट असेल, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर पॅडची परीक्षाही नको, तसंच निघा.