उर्दूचा ‘काय उपयोग’?

(परभणीचे एक पालक लिहितात : मुलगी एम.ए. शिक्षणशास्त्र, ६१ टक्के. मदरशांच्या अभ्यासक्रमावर पीएच.डी. करायची म्हणते. विषय फार मोठा आहे. त्यापेक्षा ‘इस्लामी शिक्षणाच्या अभ्यासक्रमावरील संशोधनाचे प्रवाह’ घेतला, तर संगणकावर आलेख काढून दीड वर्षात उरकेल. उर्दू उत्तम येते तिला, पण त्याचा आता काय उपयोग? ती ऐकत नाही, समजवा.)

नाही समजावणार. दीड वर्षाचा हिशेब तर आधी विसरा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या पीएच.डी. नियमांनुसार कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं लागतात. पण खरं खटकलं ते उर्दूबद्दलचं वाक्य. मुलीचं भांडवल तेच आहे आणि तुम्ही ते जाता जाता मोडीत काढलंत.

स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीवरून लेखांची यादी उतरवायची, व्हॉसव्ह्यूअर या आलेख काढणाऱ्या प्रणालीत घालायची, की लेखांमधले संबंध दाखवणारं रंगीत जाळं तयार. यालाच तुम्ही प्रवाह समजताय. इंग्रजी शब्दांनी शोधलं की इंडोनेशिया-मलेशियाचे लेख ढिगाने येतात. इंडोनेशियातला मदरसा म्हणजे सरकारमान्य शाळा. १९७५च्या तीन मंत्र्यांच्या संयुक्त निर्णयानंतर तिथे सुमारे ७० टक्के सामान्य विषय आणि ३० टक्के धार्मिक. आपल्याकडच्या मदरशांचा दर्स-ए-निजामी हा अभ्यासक्रम अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महल या विद्याकेंद्रात आकाराला आला, तर्कशास्त्राने भरलेला. देवबंदच्या मदरशाने पुढे हदीसवर, म्हणजे पैगंबरांच्या वचनांवर आणि आचरणावर, भर दिला. यातलं काय ठेवावं, काय गाळावं, हा वाद मुख्यतः उर्दूत झाला. तो त्या जाळ्यात सापडणार नाही. शिवाय मदरशाची रोमन स्पेलिंगं तीन-चार. सगळी एकदम पकडायला ‘मद्रास’च्या स्पेलिंगपुढे तारका टाकली, तर मद्रास शहरावरचे लेखही येऊन पडतात. मग बसा हाताने निवडत.

विषय मोठा आहे, हे मात्र तुमचं बरोबर. तो आवळता येतो. मराठवाड्यातले दोन मदरसे, फक्त आलिमचा (धर्मपंडित घडवणारा) वर्ग : वेळापत्रक, प्रत्येक विषयाचे तास, कोणती पुस्तकं पूर्ण शिकवतात आणि कोणती निवडक पानांपुरती. विषय नोंदवण्याआधी दोन्हीकडची लेखी परवानगी हातात हवी. नंतर नकार आला तर शीर्षक बदलायला पुन्हा विद्यापीठाच्या समितीपुढे जावं लागतं, त्यात महिने जातात.

नेट ही पात्रता परीक्षा तिने शिक्षणशास्त्रातूनच द्यावी. बी.एड. काय, नंतरही करता येईल.

आराखडा दोन पानांत तिने स्वतः लिहून पाठवावा. तुम्ही तो दुरुस्त करू नका.