कोरडवाहू द्राक्षाची लाल वाईन : तुमची पत्रं, आमची उत्तरं

मागच्या अंकात परदेशातल्या जुन्या कोरडवाहू द्राक्षबागांवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रं आणि मेसेज यायलेत ते थांबेनातच. सगळ्यांना उत्तर देणं काही जमत नाही, म्हणून जी घ्यायलाच पाहिजेत ती घेतलीत. नावं टाकू नका असं बऱ्याच जणांनी कळवलं, त्यामुळं फक्त गावं दिलीत.

दादा, माझा साडू जहाजावर कामाला आहे, त्यानं स्पेनची लाल वाईन आणली. लेबलवर 'विन्यास वियेहास' असं कायतरी लिहिलंय. दुकानदार त्याला म्हणला जुन्या झाडाची आहे म्हणून महाग. आपल्याकडं बाग पंधरा वर्षाची झाली की कुऱ्हाड लावतो, मग तिकडं म्हातारं झाड महाग कसं काय? — औसा

विन्यास वियेहास म्हणजे जुन्या वेली, बास. बहुतेक देशांत किती वर्षाला जुनी म्हणायचं हे कायद्यानं ठरलेलंच नाही, त्यामुळं लेबलवर कुणी काहीही छापावं. काही ठिकाणी मात्र लोकांनी आपसात नियम केलेत. ऑस्ट्रेलियात बारोसा म्हणून भाग आहे, तिथं २००९ पासून पायऱ्या ठरवल्यात, ३५ वर्षाच्या वर एक नाव, ७० च्या वर दुसरं, मग १००, मग १२५. तिथं १८४३ साली लावलेली शिराज या काळ्या वाईनच्या द्राक्षाची झाडं अजून माल देतात. दक्षिण आफ्रिकेत ३५ वर्षाच्या पुढच्या बागेला बाटलीवर शिक्का मिळतो नि त्यावर लागवडीचं साल असतं, ही पद्धत मला आवडली, वय लपवायचं कामच नाही.

महाग का, तर माल कमी. आपण एकरी दहा-बारा टनाचा हिशोब करणारी माणसं, आणि स्पेनमधे प्रायोरात नावाच्या डोंगराळ भागात जुन्या झाडाला किलोभर सुद्धा माल येत नाही कित्येकदा. घड बारीक, मणी बारीक, आणि वाईनचा रंग नि तुरटपणा सगळा सालीत असतो, गरात नाही. मणी बारीक म्हणजे रसाच्या मानानं साल जास्त, एवढं साधं आहे ते. दुसरी एक गोष्ट कुणी बोलत नाही. शंभर वर्षं टिकलेली बाग आधीपासूनच चांगल्या जागेवर होती म्हणून टिकली, भिकार जागेवरच्या कधीच उपटून गेल्या, त्यामुळं सगळं श्रेय वयाला देऊ नका. साडूला सांगा बाटली चांगली आहे का ते उघडल्यावर कळेल.

सर, परंडा तालुका, साडेतीन एकर थॉम्पसन (खायचं हिरवं द्राक्ष), डॉगरिज खुंटावर कलम केलेली, ११ वर्षाची बाग. दोन्ही बोअर आटले, टँकर घालून घालून कर्ज झालं. तुम्ही लिहिलं की स्पेन, चिलीत बिनपाण्याची द्राक्षं असतात न् त्याची वाईन भारी होते. मी ड्रिप बंद केलं तर चार-पाच वर्षात माझी बाग तशी होईल का, वाईनरीवाले घेतील का? — धाराशिव जिल्हा

नाही होणार भाऊ. असंच विचारणारी आणखी सात-आठ पत्रं आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण मागच्या वेळी मी अर्धंच लिहिलं आणि तुम्हाला भलतीच आशा लागली, ती चूक माझी.

आधी पाऊस बघा. आकड्यावर गेलं तर आपण त्यांच्याहून श्रीमंत आहोत, प्रायोरातला वर्षाला ४०० ते ५०० मिलिमीटरच्या आसपास, आपल्याकडं बऱ्या वर्षी त्याहून जास्त पडतो. पण तिकडं जास्तीचा पाऊस थंडीच्या दिवसांत आणि तिच्या आगंमागं पडतो, थंडीत झाड पानं टाकून झोपलेलं असतं, पाणी जवळजवळ पीतच नाही, पडलं ते सगळं खाली मुरतं. वसंतात डोळे फुटतात तेव्हा जमिनीखाली रांजण भरलेला असतो आणि मग पुढचे सहा महिने झाड तेच पाणी घोट घोट पुरवून पितं. चिलीत माउले म्हणून भाग आहे तिथं पण हेच, तिथं अशा शेतीला 'सेकानो' म्हणतात, म्हणजे आपलं कोरडवाहूच.

हे आपल्याला नवीन नाही बरं का. शाळू बघा ना. पावसाळा सरता सरता मालदांडी ज्वारी पेरायची, काळ्या रानातल्या ओलीवर नि दवावर ती येते, वरून पाणी नसलं तरी हुरड्याला पोचते. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी हे आपल्या आज्ज्याचं गणित, आणि सेकानोवाले पण तेच करतात, दोन ओळीतून घोडं नाहीतर खेचर जुंपून वरची माती भुसभुशीत ठेवतात, म्हणजे भेगा पडत नाहीत आणि ओल उडत नाही. झाडं लांब लांब, मांडव नाही, तार नाही, गुडघ्याएवढी झुडपं. माउले भागातला एखादा म्हातारा परंड्याच्या शाळूच्या रानात आणून उभा केला तर त्याला काही समजावून सांगायची गरज पडणार नाही.

पण शाळू चार महिन्यात घरी येतो, द्राक्ष बारा महिने रानात उभं राहतं, घोडं अडतंय ते इथं. आपल्याकडं थंडी अशी नाही की झाड झोपेल, म्हणून तर आपण दोनदा छाटतो. एप्रिलला खरड छाटणी, तेव्हा ऊन बेचाळीस, आणि त्यानंतरच्या दीड-दोन महिन्यातच काडीच्या डोळ्यात पुढच्या वर्षीचा बारीक घड तयार होतो. त्याच वेळेला पाणी नसलं तर ऑक्टोबरला फळ छाटणी करा नाहीतर पूजा करा, घड निघत नाही. म्हणजे तिकडच्या झाडाला नेमकं झोपेत पाणी मिळतं आणि आपलं झाड नेमकं जागं नि तहानलेलं असताना आभाळ कोरडं.

दुसरं मुळांचं. तुमच्या झाडाला पहिल्या दिवसापासून ड्रिपरखाली पाणी मिळालं, मुळ्या बोदातच, म्हणजे वरच्या मातीच्या वरंब्यातच राहिल्या, त्यांना खाली जायची गरजच पडली नाही. प्रायोरातला खाली पाटीच्या दगडासारखा खडक आहे, त्याच्या फटीफटीतून मुळ्या खोल गेल्यात कारण वर काही नव्हतंच. अकरा वर्षं घरी ताट वाढून दिलेल्या पोराला एका दिवसात जा बाबा कमवून खा म्हणल्यासारखं होईल ते. डॉगरिज दुष्काळाला सोसतो हे खरं, त्यासाठीच तो आपल्याकडं आला, पण सोसणं वेगळं आणि बिनपाण्याचं पिकणं वेगळं. मी स्वतः २०१६ ला हे भोगलंय, लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणायलेत त्या उन्हाळ्यात माझ्या पाऊण एकराचं पाणी मी नाही तोडलं, ते आपोआप तुटलं. मनाला म्हणलं बघू, कोरडवाहू प्रयोग होतोय. जूनपर्यंत तिसरा हिस्सा झाडं वाळली, उरलेल्यांनी पुढच्या हंगामात गोळीएवढे खुरटे घड दाखवले आणि ते पण जिरले. प्रयोग वगैरे काही नव्हता तो, मी स्वतःची समजूत काढत होतो.

आणि तिसरं, थॉम्पसन. लाल वाईनला काळी साल लागते, थॉम्पसनला ती नाहीच. त्यात आपण जीए (जिबरेलिक ॲसिड, मणी वाढवायचं औषध) मध्ये घड बुडवून मणी फुगवतो, एक्सपोर्टला १६-१८ एमएम पाहिजे म्हणून, वाईनवाल्याला बरोबर उलटं पाहिजे. खायचं द्राक्ष आणि वाईनचं द्राक्ष हे दोन धंदे आहेत. वाईनचीच बाग असेल, शिराज, कॅबरने वगैरे, तर मण्यात पाणी उतरायच्या सुमारास मोजून मापून पाणी कमी करतात, त्यानं फायदा होतो, पण ते कमी करणं आहे, बंद करणं नाही. नवीन लावायचा विचार असेल तर वाईनरीचा लेखी करार हातात आल्याशिवाय एक काडी लावू नका, २००९-१० च्या आसपास नाशिककडं वाईनच्या द्राक्षाला उठाव राहिला नाही तेव्हा लोकांनी उभ्या बागा उपटल्यात. तुमचं म्हणाल तर साडेतीन एकर टँकरवर ओढण्यापेक्षा एक एकर नीट जगवा, बाकीच्यावर शाळू घ्या. कडू आहे पण माझं मत हेच.

काका, मी यूट्यूब बघून शरद सीडलेस या काळ्या खायच्या द्राक्षाची वाईन घातली. द्राक्षं, साखर, यीस्ट बरणीत घालून झाकण घट्ट लावलं, तिसऱ्या रात्री बरणी फुटली, सासूबाईंना वाटलं सिलेंडर गेला. भिंत अजून जांभळी आहे. जुन्या काळी लोक हे कसं करायचे? — जालना

पहिलं हे की आपल्या राज्यात लायसन नसताना घरी वाईन करणं गुन्हा आहे, दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि तो बरणीला पण लागू होतो. तेव्हा पुढचं वाचा ते माहितीसाठी, परत बरणी भरायला नाही. भिंतीला चुना मारा.

फुटली ती गॅसनं. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं आणि तेवढाच कार्बन डायऑक्साइड सोडतं, त्याला वाट पाहिजे. म्हणून लाल वाईनच्या जुन्या पद्धतीत भांडं वरून उघडंच असतं. पोर्तुगालात दगडी हौदात रात्री ओळीनं उभं राहून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून पायानं तुडवतात, काही जण अजून करतात. पायच का, तर पायानं मणी फुटतो पण बी फुटत नाही, बी फुटलं की कडवटपणा येतो. बाहेरून यीस्ट पण घालत नाहीत, सालीवर नि त्या जागेत असतं तेवढ्यावर चालतं, मात्र ते बिघडलं तर सगळा हौद व्हिनेगर. काम सुरू झालं की साली वर तरंगून जाड थर होतो, तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबायचा, नाहीतर वर वाळून आंबतो आणि रंग पण उतरत नाही. काळ्या द्राक्षाचा रस सुद्धा बहुतेक पांढराच असतो, हे लोकांना माहीतच नसतं, लाल होते ती सालीबरोबर आठ-पंधरा दिवस मुरून. हे चालू असताना बंद खोलीत हौदावर वाकायचं नाही, तो गॅस खाली साठतो आणि जुन्या विहिरीत उतरलेल्या माणसाचं जे होतं तेच इथं होतं, वाईनरीत माणसं गेलीत अशी.

मग चोथा पिळायचा, लाकडी फळ्यांच्या गोल प्रेसमध्ये, आणि रस पिंपात. तिथं काही महिन्यांत दुसरं एक काम आपोआप होतं, कच्च्या कैरीसारखी जी आंबट चव असते ती दह्याच्या आंबटपणात बदलते, अक्षरशः, मॅलिक ॲसिडचं लॅक्टिक ॲसिड करणारे जिवाणू दही लावणाऱ्यांचेच भाऊबंद आहेत. पिंपं बहुतेक जुनीच वापरतात, नवीन ओकच्या पिंपाचा वास चांगल्या द्राक्षावर चढतो असं जुन्या पद्धतीवाल्यांचं म्हणणं, मला पण पटतं.

आणि साखर! ती वरून घालावी लागली तिथंच समजायचं की द्राक्ष वाईनचं नव्हतं. खायचा माल आपण १८ ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) तोडतो, लाल वाईनला २४ च्या आसपास लागतो, त्यातून साडेतेरा-चौदा टक्के अल्कोहोल येतं. कोरडवाहू बारीक मण्यात ती साखर झाडावरच येते.

चिलीची म्हणून लाल वाईन घेतली, बाटलीच्या तळाला गाळ निघाला, फसवलं का? — नांदेड

नाही हो. न गाळता भरलेल्या लाल वाईनला गाळ येतोच, रंग आणि तुरट द्रव्यं खाली बसतात. आदल्या दिवशी बाटली उभी ठेवा, हळू ओता, शेवटचा घोट सोडा. लेबलवर 'विग्नो' असेल तर ती माउलेच्या कोरडवाहू कारिन्यान जातीच्या काळ्या द्राक्षाची आहे, किमान ३० वर्षं जुन्या झाडांची. १९३९ च्या मोठ्या भूकंपानंतर तिकडं ही जात लावली, जुन्या 'पाइस' द्राक्षाच्या फिक्या वाईनला रंग नि आंबटपणा यावा म्हणून, नंतर कुणी विचारलं नाही, आणि आता तीच भाव खायलीय.

आपल्या मराठवाड्यात जुनी द्राक्षं नव्हतीच का? — छत्रपती संभाजीनगर

होती की! इब्न बतूता १४व्या शतकात दौलताबादला येऊन गेला, त्यानं लिहून ठेवलंय की इथं द्राक्षं नि डाळिंबं होतात आणि वर्षातून दोनदा फळ देतात. त्या 'दोनदा' वरून वरचं परंड्याचं उत्तर परत वाचा, झाड इथं तेव्हा पण झोपत नव्हतं.

लाल वाईन रूम टेंपरेचरला प्यायची म्हणतात, खरंय का? — परभणी

ज्यानं हा नियम केला त्याची रूम १६-१८ डिग्रीची होती. परभणीत मे महिन्यात तसं केलं तर काढा होईल. अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा.