नॅनो सेंटरमध्ये आपलं काय काम? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात विद्यापीठांतल्या नॅनोटेक्नॉलॉजी रिसर्च सेंटरबद्दल लिहिलं होतं, म्हणजे जिथं फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंजिनिअरिंगवाले एकाच छताखाली काम करतात तसली सेंटर्स. त्यावर खानापूर, चिकोडी, उद्यमबाग, निपाणी, सगळीकडनं प्रश्न आले. सगळे घेता येत नाहीत, चार घेतलेत.

प्रश्न: सर, मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात बीएस्सी सेकंड इयरला आहे, केमिस्ट्री आणि झूलॉजी. दहावीपर्यंत मराठी मीडियम. मला नॅनोमध्ये जायचंय, पण घरी म्हणायलेत की असला कसला सब्जेक्ट, नोकरी कुठं लागणार. आणि नॅनो हे फिजिक्सचं की केमिस्ट्रीचं? एमएस्सी कशात करू सांगा की वो.

उत्तर: आधी तुझा दुसरा प्रश्न घेतो कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. हा एका सब्जेक्टचा माल नाहीच, म्हणून तर वेगळं सेंटर काढावं लागतं. चांदीच्या नॅनो कणांचं बघ, नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, तेवढ्या मापात मोजायचे कण. सिल्व्हर नायट्रेटपासून कण तयार करणार केमिस्ट्रीवाला, बीकरमधलं पाणी पिवळं झालं की कण झाले म्हणायचे, पण पिवळं का झालं हे फिजिक्सवाला सांगणार, की कणातले इलेक्ट्रॉन 400 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषून घेतात म्हणून. मग एक्सआरडी (एक्स-रेचं यंत्र) आणि टीईएमवर (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर) कणांची साईझ बघायची, मग मायक्रोबायोलॉजीवाली पोरं प्लेटवर बॅक्टेरिया मरतात का बघणार, आणि खरी गंमत इथंच सुरू होते, कारण बॅक्टेरिया मेले ते कणांनी मेले की कणांतनं सुटलेल्या चांदीच्या आयनांनी (विजेचा भार असलेल्या अणूंनी) मेले हे लगेच कळत नाही, मग तो सॅम्पल परत केमिस्ट्रीच्या टेबलावर, परत धुवायचा, परत टेस्ट. त्यातनं जखमेवरची पट्टी किंवा पाण्याचा फिल्टर करायचा म्हटलं तर फार्मसी आणि इंजिनिअरिंगवाले लागणार. हे सगळे एकमेकांना रोज भेटत असतील तर काम महिन्यांत होतं, नाहीतर सॅम्पल कुरिअरने फिरत राहतो आणि वर्षं जातात.

आणि एवढ्या बारीक कणांचं कौतुक का, तर पृष्ठभाग. 1 सेंटीमीटरचा ठोकळा घे, त्याच्या सहा बाजू मिळून 6 चौरस सेंटीमीटर भरतात. तोच 1 नॅनोमीटरच्या ठोकळ्यांत कापला तर सगळ्यांच्या बाजू मिळून 6000 चौरस मीटर, म्हणजे जवळपास दीड एकर. माल तेवढाच, पण रिअ‍ॅक्शन व्हायला दीड एकर जागा. काही वेळा वितळायचं तापमानही बदलतं, तेही त्यातनंच येतं. रंग मात्र वर सांगितलं तसा इलेक्ट्रॉनमुळं बदलतो.

आता एमएस्सी. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्सचा वेगळा एमएस्सी आहे, चांगला आहे, आणि अर्ज करताना सीमाभागातल्या मुलांच्या सवलतीची चौकशी नक्की कर, महाराष्ट्राने दावा केलेल्या 865 गावांच्या यादीत तुमचं गाव आहे का ते घरी बघून घे. पण एक गोष्ट आत्ताच माहीत करून घे. सीएसआयआर नेटमध्ये, म्हणजे लेक्चररशिप आणि रिसर्च फेलोशिपच्या देशपातळीवरच्या परीक्षेत, नॅनो असा पेपरच नाही. केमिकल, फिजिकल, लाईफ, मॅथेमॅटिकल आणि अर्थ, एवढे पाचच. म्हणजे नॅनोत एमएस्सी केलेल्या पोरांनासुद्धा शेवटी केमिकल नाहीतर फिजिकल सायन्सचाच अभ्यास करावा लागतो, आणि कॉलेजातल्या लेक्चररच्या जाहिराती ‘एमएस्सी केमिस्ट्री’ अशाच निघतात, तिथं डिग्रीच्या नावावरनं अडवतात. माझं मत विचारशील तर तू केमिस्ट्रीतच एमएस्सी कर, प्रोजेक्ट नॅनोचा घे आणि पीएचडीला अशा सेंटरमध्ये जा. भारतरत्न सी. एन. आर. राव हे आपल्या कर्नाटकातलेच, मुळात सॉलिड स्टेट केमिस्ट, आणि 2007 मध्ये केंद्र सरकारने पाच वर्षांसाठी 1000 कोटींचं नॅनो मिशन काढलं तेव्हा त्याच्या कौन्सिलचे अध्यक्ष तेच होते. बुडखा एका विषयात घट्ट असला की फांद्या कुठंही जाऊ देत.

घरच्यांना हे सांग. नेटमधनं जेआरएफ (रिसर्चची फेलोशिप) मिळाली तर महिन्याला 37,000 स्टायपेंड अधिक घरभाडं. नोकरीचं म्हणशील तर ‘नॅनोटेक्नॉलॉजिस्ट पाहिजे’ अशी जाहिरात फारशी दिसणार नाही, पण पेंट, औषधं, बॅटरी, सेमीकंडक्टर, या कंपन्यांना यंत्रावर हात बसलेली माणसं लागतात, नुसतं एसईएमचा (पृष्ठभाग बघायच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा) फोटो बघितलेली नाही तर स्वतः सॅम्पल लावून फोकस करणारी.

म्हणून सेंटर निवडताना इमारत आणि बोर्ड बघू नकोस. तिथल्या सिनियर मुलांना दोन गोष्टी विचार, यंत्र सध्या चालू आहे का आणि ते चालवणारा कायमचा ऑपरेटर आहे का. कोटींचं यंत्र येतं, मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट संपतं आणि कापडाखाली झाकून पडतं, अशा ठिकाणी पोरांची पीएचडी लांबते. मराठी मीडियमची चिंता सोड. इंग्रजी पेपर वाचायची सवय सहा-आठ महिन्यांत लागते, अडलं की विचारायला लाजू नकोस एवढंच.

प्रश्न: चिकोडीकडचा ऊस शेतकरी विचारायलोय. युरियाचं पोतं घ्यायला गेलं की नॅनो युरियाची बाटली पण घ्या म्हणत्यात. अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे एक पोतं, हे खरं हाय काय वो?

उत्तर: काका, हिशेब मांडूया. पोतं 45 किलोचं, त्यात 46 टक्के नत्र, म्हणजे 20 किलोच्या वर. इफकोची 500 मिलीची बाटली 2021 मध्ये आली तेव्हा नत्र 4 टक्के होतं, म्हणजे बाटलीत 20 ग्रॅम. पुढं 20 टक्क्यांची आली, तिच्यात साधारण 100 ग्रॅम धरा. कंपनीचं म्हणणं असं की जमिनीत टाकलेला युरिया बराचसा हवेत उडतो नाहीतर पाण्याबरोबर खाली जातो आणि पानावर फवारलेले नॅनो कण थेट आत शिरतात, वाया जात नाहीत. पोत्यातलं नत्र वाया जातं हे खरंच आहे. पण निम्मं गेलं तरी 10 किलो उरतं की, ते 20 काय नि 100 काय, ग्रॅमनी कसं भरून निघणार? आडसाली उसाला महाराष्ट्रात हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी 160 किलो. पिकाच्या अंगात जे नत्र दिसतं ते कुठनं तरी यायला पाहिजे.

पंजाब कृषी विद्यापीठाने शेतात प्रयोग केला, नेहमीचं नत्र कमी करून नॅनो युरिया फवारला, तर गव्हाचं उत्पादन 21.6 टक्के आणि भाताचं 13 टक्के घटलं. इफकोचे स्वतःच्या चाचण्यांचे आकडे वेगळे आहेत, वाद चालूच आहे. माझं स्पष्ट मत, पोतं बंद करून बाटलीवर ऊस सोडू नका. बघायचंच असेल तर चार सऱ्या बाजूला काढा, बाकी सगळं सारखं ठेवा, तोडणीला त्यांचं वजन वेगळं करा, आणि त्याआधी माती परीक्षण करून घ्या.

आणि नॅनो सेंटरनी खरं म्हणजे असल्याच प्रश्नांवर बसलं पाहिजे. नायट्रोजन-15 नावाचा खुणेचा नायट्रोजन खतात घालून पानात किती गेला हे मोजता येतं. केमिस्ट, शेतीशास्त्रज्ञ आणि ज्याचा ऊस आहे तो शेतकरी, तिघं एका टेबलावर आले तर दोन हंगामांत उत्तर मिळेल, आणि ते उत्तर बाटली विकणाऱ्याकडनं यायची वाट बघत बसावं लागणार नाही. हे व्हावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: उद्यमबागला आमचं छोटं मशीन शॉप आहे. कोटिंगचे इन्सर्ट (टूलला बसवायचे धातू कापणारे तुकडे) घेतो, काही लॉट लवकर झिजतात, सप्लायर म्हणतो तुमचं फीड (टूल पुढं सरकवायचा वेग) जास्त. कोटिंग खरंच आहे तेवढं आहे का हे विद्यापीठात तपासून देतील का? आम्ही डिग्रीवाले नाही.

उत्तर: देतील. डिग्रीचा संबंध नाही. धारवाडला कर्नाटक विद्यापीठात आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात ‘सैफ’ म्हणून केंद्राच्या मदतीने चालणारी इन्स्ट्रुमेंट फॅसिलिटी आहे, ती बाहेरच्यांसाठीच असते, फी भरायची, इंडस्ट्रीचा रेट विद्यार्थ्यांपेक्षा जास्त असतो तेवढं गृहीत धरा. देशातलं कुठलं यंत्र कुठं आहे ते शोधायला ‘आय-स्टेम’ पोर्टल आहे, 2020 पासून, तिथनं बुकिंगपण करता येतं.

इन्सर्ट तसाच नेऊन ‘बघा काय झालंय’ म्हणू नका. नेमकं मागा: क्रॉस सेक्शनवर एसईएम करून कोटिंगची जाडी, आणि ईडीएसने (कुठलं मूलद्रव्य किती ते दाखवणाऱ्या तपासणीने) त्यात टायटॅनियम, अ‍ॅल्युमिनियम किती. टूलवरचं पीव्हीडी कोटिंग (वाफेतनं बसवलेला थर) साधारण 2 ते 5 मायक्रॉनचं असतं, म्हणजे 2000 ते 5000 नॅनोमीटर, काहींत आतले थर खरोखर काही नॅनोमीटरचे असतात. वायरकटवर इन्सर्ट कापा, मोल्डमध्ये बसवून पॉलिश करा, कुठल्याही फौंड्रीच्या मेटलर्जी लॅबमध्ये हे होतं, आणि कापताना कड तुटू देऊ नका, जाडी मोजायची ती तिथंच. एक चांगला लॉट, एक वाईट लॉट, दोन्ही न्या. नुसत्या वाईटाच्या रिपोर्टवर सप्लायर ऐकणार नाही, शेजारी चांगला ठेवला की बोलणंच वेगळं होतं.

उद्यमबागच्या चार-पाच शॉपनी मिळून एक दिवसाचा स्लॉट घेतला तर खर्च वाटला जाईल, आणि विद्यापीठातल्या पोरांनापण पेपरातला नाही, चालत्या मशीनवरचा प्रॉब्लेम बघायला मिळेल.

प्रश्न: माझी मुलगी बंगळूरला नॅनोमध्ये पीएचडी करते. तिनं फोटो पाठवला, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा ड्रेस, मास्क आणि खोलीत नुसता पिवळा उजेड. बघून पोटात गोळा आला. एवढं धोक्याचं काम आहे का? (एक आई, निपाणी)

उत्तर: ताई, ती चिप बनवायची क्लीनरूम दिसते. तो ड्रेस तिला वाचवायला नाही, चिपला तिच्यापासून वाचवायला आहे. माणसाच्या केसातनं, कातडीतनं, कपड्यांतनं सतत कण पडतात आणि एक कण बसला की चिप वाया. क्लास 100 च्या क्लीनरूममध्ये एक घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण शंभराच्या वर चालत नाहीत. पिवळा उजेड यासाठी की चिपवर जो फोटोरेझिस्ट लावतात तो निळ्या आणि अतिनील प्रकाशाने बिघडतो, पिवळ्याने नाही.

धोका आहे तो वेगळीकडे. कोरडी नॅनो पावडर उघड्यावर हाताळली तर श्वासातनं फुप्फुसात खोल जाते, म्हणून ते काम फ्यूम हूडमध्येच (हवा बाहेर ओढणाऱ्या कपाटातच) करायचं. आणि सिलिकॉनच्या कामात हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड लागतं, ते अंगावर सांडलं तर सुरुवातीला कधीकधी दुखतसुद्धा नाही, पण आत हाडापर्यंत जातं. चांगल्या लॅबमध्ये ट्रेनिंग झाल्याशिवाय कुणाला त्याला हात लावू देत नाहीत. पुढच्या फोनला तिला एवढं विचारा, की त्या सांडण्यावरचा प्रथमोपचार म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल बेंचजवळ ठेवलेलं आहे का आणि त्याची एक्स्पायरी बघितली का, आणि रात्री अ‍ॅसिडच्या बेंचवर एकटीनं काम करत नाहीस ना. नीट उत्तर आलं तर निवांत झोपा.