एकाच दांड्याला खुरपं, पंजा, छोटी कुदळ असं बदलून लावायचंय. जोड कसा ठेवू? (नागपूर)

आट्यांचा जोड टाळा. आपली काळी माती पावसात आट्यांत बसते, वाळली की दगड. मग पान्याशिवाय सुटत नाही. शिवाय पंजा ओढताना गोल पाइप फिरतो.

चौकोनी पाइप घ्या. बाहेरचा 25 मिमीचा, 2 मिमी जाडीचा, म्हणजे आत 21 मिमी जागा. त्यात 20 मिमीचा सरकतो. आतली वेल्डिंगची रेघ मात्र कानशीने घासावी लागते, नाहीतर निम्म्यात अडकेल. दोन्ही पाइप किमान चार इंच एकात एक जाऊ द्या, कमी ठेवले तर डुगडुगतात. आरपार भोक पाडून ट्रॅक्टरच्या सामानात मिळते ती लिंच पिन (कडी अडकवून निसटू न देणारी खीळ) लावा. इतवारीत लोहा ओळीला पाइप मिळेल. कुदळ मात्र वेगळीच घ्या, तिचे घाव हा जोड फार दिवस सोसणार नाही.