ही पदरमोड आधी थांबवा

प्रश्न: आमचं पाच जणांचं घर. मी, नवरा, सासूबाई, मोठा मुलगा १५ वर्षांचा आणि धाकटी ११ वर्षांची. किराणा, भाजी, दूध सगळं धरून महिन्याचं बजेट आम्ही दोघांनी चार वर्षांपूर्वी बसून ठरवलं. त्याचे चार भाग करून मी आठवड्याचे पैसे वेगळे ठेवते. पण घरात बजेट पाळणारी मी एकटीच. नवऱ्याला दोन वस्तू आणायला पाठवलं की दोन पिशव्या भरून येतात. सासूबाईंना एकावर एक फुकट दिसलं की राहवत नाही. मुलगा सारखा फ्रीज उघडून उभा. मी भाव बघते, यादी करते, उरलंसुरलं वापरते. महिनाअखेरीला थोडं कमी पडतं, ते मी माझ्या शिकवणीच्या पैशांतून घालते, त्याचं काही नाही. पण या सगळ्यांना शिस्त कशी लावू?
— एकटी किती ओढू

उत्तर:

शिस्तीचं नंतर बघू. तुम्ही नवऱ्याच्या पिशव्यांबद्दल लिहिलंत, सासूबाईंबद्दल लिहिलंत, मुलाच्या भुकेबद्दल लिहिलंत, आणि खरी गोष्ट जाता जाता सांगून टाकलीत. महिनाअखेरीला कमी पडतं ते तुम्ही घालता.

किती घालता? कधीपासून? पत्रात आकडा नाही, आणि तो घरातल्या कुठल्याही वहीतही नसणार. कोथिंबिरीच्या जुडीचाही भाव बघणाऱ्या बाईने नेमका हाच एक खर्च कुठे लिहिलेला नाही!

तुम्हाला गोंजारायला मी इथे बसलेली नाही, म्हणून स्पष्ट सांगते. तुमच्या घरात बजेट कोणी मोडतंय असं तुमच्याखेरीज कोणालाच वाटत नाही, कारण ते मोडल्याचं त्यांनी कधी पाहिलेलंच नाही. तुमच्या नवऱ्याच्या जागी बसून बघा. चार वर्षांपूर्वी एक रक्कम ठरली. तेव्हापासून एकही महिना असा गेला नाही की दूध आलं नाही किंवा डबा रिकामा राहिला. मग ते काय समजणार? रक्कम बरोबर आहे, आणि त्यात दुसरी पिशवीही बसते. सासूबाईंचंही तेच. त्यांच्या फुकटच्या पाकिटाने काही बिघडलेलं त्यांना दिसलं नाही, कारण जे बिघडलं ते तुम्ही रातोरात सावरलंत. ही माणसं बेफिकीर आहेत की नाहीत ते आज सांगता येणार नाही. त्यांच्यासमोर चुकीचा हिशोब आहे, आणि तो तुम्ही मांडलेला आहे.

तेव्हा एकच सांगणं. या महिन्यापासून शिकवणीच्या पैशांतली एक दमडीही किराण्यात घालायची नाही. शिकवणीची फी हातात आली की त्याच दिवशी ती तुमच्या नावाच्या खात्यात जमा करा. घरात डब्यात ठेवलीत तर पंचवीस तारखेला तुमचा हात तिकडे जाणारच.

याचा अर्थ मुलांचं दूध बंद करा असा नाही. ठरलेली रक्कम महिन्याच्या सुरुवातीला वेगळी काढा. फ्रीजच्या दारावर एक कागद लावा. त्यावर चार रकाने आखा: तारीख, कशासाठी, किती, उरले किती. दुकानातून आलं की पिशवी रिकामी करायच्या आधी ओळ भरायची, मग आणणारा कोणीही असो. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. नुसता खर्च लिहिला तर कोणाला काही वाटत नाही. 'उरले' खाली ११ तारखेला निम्म्याहून कमी आकडा दिसला की वाटतं. आणि कोणी आणलं ते मात्र लिहू नका. त्या कागदावर नावं आली की त्याचं आरोपपत्र होईल, आणि दोन दिवसांत तो तिथून गायब होईल.

ज्या दिवशी पैसे संपतील त्या दिवशी कागदावर आडवी रेघ मारा आणि जेवताना सगळ्यांना सांगा, 'आज २४ तारीख, किराण्याचे पैसे संपले.' एवढंच. मागची उणीदुणी नकोत, रडणं नको. मग उरलेल्या दिवसांचं सामान घरखर्चाच्या सामाईक पैशांतून आणा आणि ते रेघेखाली लिहीत जा. उपाशी कोणीही राहणार नाही. फक्त आजवर जी तूट तुमच्या पर्समध्ये लपत होती ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येईल. महिना संपल्यावर रेघेखालची बेरीज म्हणजे तुमच्या बजेटची खरी तूट.

यात घोटाळा कुठे होईल तेही सांगते. पैशांची पदरमोड थांबली की तुम्ही ताटातली सुरू कराल. स्वतःच्या वाटणीचं फळ मुलांना द्याल, आपला दुधाचा कप गाळाल, 'मला भूक नाही' म्हणाल. ओळखीचं वाटतंय ना? मग तेही या महिन्यात बंद. तुमच्या जेवणाचं आणि तुमच्या फळाचं बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून स्थान आहे. तुम्ही कमी खाऊन जुळवलेला आकडा पाच माणसांच्या घराचा नव्हेच, तो साडेचार माणसांचा आहे.

आता त्या आकड्याकडे येऊ. तो तुम्ही चार वर्षं देवासारखा पूजलात, आणि तो चुकलेला आहे.

पहिलं, भाव. वर्षाला ६ टक्के वाढ धरली तर चार वर्षांत शंभराचं सामान १२६ ला पडतं. म्हणजे कोणीही एक पाकीट जास्त आणलं नसतं तरी आज तुम्हाला ठरलेल्या रकमेच्या चौथ्या हिश्शाइतके पैसे कमीच पडले असते. त्यात पाकिटं लहान झालेली असतात. किंमत तीच, पण वजन पूर्वीपेक्षा कमी. म्हणून पाकिटाची किंमत बघून उपयोग नाही, दर १०० ग्रॅमचा भाव काढा.

दुसरं, मुलं. बजेट ठरलं तेव्हा मोठा ११ चा आणि धाकटी ७ ची होती. १५ वर्षांचा वाढता मुलगा मोठ्या माणसाइतकं खातो, बरेचदा जास्तच. तो फ्रीज उघडून उभा राहतो ते चैनीसाठी नाही, त्याला भूक लागते. त्याला शिस्त लावू नका. त्याच्या हाताशी येईल असं पोटभरीचं काहीतरी तयार ठेवा: उकडलेली अंडी, केळी, भाजलेले शेंगदाणे. तयार खाऊच्या छोट्या पाकिटाचा १०० ग्रॅमचा भाव अंड्यांच्या किंवा शेंगदाण्यांच्या भावाशेजारी लिहून त्यालाच दाखवा. १५ वर्षांच्या मुलाला हे गणित कळतं.

तिसरी चूक तुमच्या स्वतःच्या पद्धतीत आहे, आणि ती फार जण करतात. महिन्याचे चार भाग. चार आठवड्यांचे दिवस होतात २८. बाराही महिने असे चार भाग केले तर ३३६ दिवसांची सोय झाली. वर्षाचे उरलेले २९ दिवस, म्हणजे जवळजवळ एक अख्खा महिना, तुमच्या घरात बिनबजेटचा आहे. दर महिन्याच्या शेवटी दोन-तीन दिवस हात रिकामा होतो तो यामुळे. आठवड्याची रक्कम काढायची तर महिन्याच्या रकमेला १२ ने गुणा आणि ५२ ने भागा. शंभरातले २५ नाहीत, २३ निघतील. ते दोन बाजूला ठेवलेत की २९, ३० आणि ३१ तारीख आपोआप निभावते.

आणखी एक पाहा. धुण्याची पावडर, साबण, टूथपेस्ट, कचऱ्याच्या पिशव्या, मुलांच्या वह्या हे सगळं एकाच बिलात येतं आणि किराण्याच्या नावावर खपतं. बिलावर पेन फिरवा, खाण्याचं नाही ते वेगळं करा, त्याला वेगळी रक्कम द्या. वर्षातून एकदोनदाच भरायच्या धान्या-मसाल्याची बेरीज करून १२ ने भागा आणि तो हिस्सा दर महिन्याला बाजूला टाका. नाहीतर ज्या महिन्यात साठवण भरता तो महिना कितीही हात आखडलात तरी फसणारच.

दोन महिने कागद भरला की नवी रक्कम ठरवायला बसा. ते दोघांनी मिळून करायचं, आणि त्या दिवशी तुम्ही नवऱ्याला आधीचं सगळं सांगायचं. किती महिने घातलेत, अंदाजे किती घातलेत. ते पैसे परत मागू नका, पण लपवूही नका. ते म्हणतील, 'मग खर्च कमी कर.' म्हणू देत. कागद त्यांच्या हातात द्या आणि विचारा, यातल्या कुठल्या ओळी काढायच्या? ओळी मोजक्याच निघतील, आणि त्या कुणाच्या पिशवीतल्या हे विचारायची गरजच पडणार नाही.

दुसऱ्या पिशवीचा इलाज सोपा आहे. तुमच्या यादीत बहुतेक नुसती नावं असतात: टोमॅटो, तेल, बिस्किटं. प्रमाण लिहिलेलं नसलं की आणणारा आपल्या मनाने आणतो, आणि रिकाम्या पोटी दुकानात गेलेला माणूस हमखास जास्त आणतो. 'टोमॅटो १ किलो, तेल १ लिटर' असं लिहा. यादी करण्याआधी आधी फ्रीज, मग डबे, असं बघून घ्या. डब्यात अर्धा किलो साखर असताना आणखी एक किलो येते ती इथेच. आठवड्याला एक मोठी फेरी आणि भाजी-दुधासाठी मधली एक. गळती होते ती मधल्या 'जरा जाऊन येतो' फेऱ्यांत.

तेलाचा भाव बघताना एक ध्यानात ठेवा. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. एक पिशवी लिटरची आणि दुसरी किलोची असेल तर नुसत्या किमती शेजारी ठेवून फसाल. लिटरच्या किमतीला १.१ ने गुणा, मग किलोशी ताडून बघा.

सासूबाईंची आवड मोडू नका, त्यांच्या हाती काम द्या. महिन्याच्या रकमेतले शंभरातले ५ 'एकावर एक फुकट'सारख्या योजनांतल्या खरेदीसाठी म्हणून त्यांच्याकडे सोपवा. नियम तीनच. वस्तू आपल्या घरात नेहमी लागणारी हवी. पाकिटावरच्या तारखेच्या आत ती संपायला हवी. आणि जास्तीचं पाकीट आलं की पुढच्या यादीतून ती वस्तू खोडायला हवी. लोक चुकतात ते तिसऱ्या नियमात. दोन महिन्यांचं तेल घरात येतं, मग हात सैल सुटतो आणि ते दीड महिन्यात संपतं. फुकटचं पाकीट तिथेच महाग पडलं. म्हणून जास्तीचं पाकीट उघड्या फळीवर ठेवू नका, वरच्या कपाटात ठेवा आणि त्यावर उघडायची तारीख लिहा.

वाया जाणाऱ्या सामानाबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, तरी दोन आठवडे टाकलेलं सगळं त्याच कागदाच्या मागे लिहा. पालेभाजी बहुधा वरच्या ओळींत असेल. सफरचंद, केळी, पिकलेले टोमॅटो यांच्यातून बाहेर पडणाऱ्या वायूने पालेभाजी लवकर पिवळी पडते. तेव्हा ती वेगळी, कोरडी करून कागदात गुंडाळून ठेवा. कांदे-बटाटे एका टोपलीत ठेवू नका, बटाट्यांना लवकर कोंब येतात. आणि आधी संपवायचं ते फ्रीजमध्ये डोळ्यांच्या उंचीवर, पुढे. मागे गेलेली वाटी बाहेर येते ती वास सुटल्यावरच.

पण हे सगळं नंतरचं. पदरचे पैसे घालणं चालू ठेवून यातलं सगळं केलंत तरी वाचलेले पैसे कुठे गेले हे तुम्हालाही कळणार नाही.

एक तारखेची वाट बघत बसू नका. आज महिन्याचे जितके दिवस उरलेत ते मोजा. महिन्याच्या रकमेला १२ ने गुणून ३६५ ने भागा, हा झाला दिवसाचा आकडा. त्याला उरलेल्या दिवसांनी गुणा. हातात त्यापेक्षा कमी असेल तर किती कमी, ते कागदाच्या पहिल्या ओळीत लिहा आणि आज संध्याकाळी तो फ्रीजच्या दारावर लावा.